गावच्या घरात होमस्टे सुरू करताय? दोन खोल्यांपासून अशी सुरुवात करा

गावी घर आहे, मुलं मुंबई-पुण्याला, दोन-तीन खोल्या वर्षभर कुलूप लावून पडलेल्या, मग होमस्टे का नाही काढायचा, असं विचारणारे हल्ली बरेच भेटतात. काढा, नक्की काढा. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तेव्हा गावात पाहुणे ठेवायचे म्हणजे काय हेच लोकांना कळत नव्हतं, आज तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ल्यात गल्लीगल्लीत बोर्ड दिसतात. तिकडे मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा, 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे कासवांची घरटी राखायचं काम सुरू केलं, पुढे पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक यायला लागले आणि राहायची सोय झाली ती गावकऱ्यांच्या राहत्या घरातच. पडवीत, माजघरात झोपायचं, घरात शिजेल ते जेवायचं. लोक त्यासाठीच येतात, हे लक्षात ठेवा.

मी हे कोकण डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, पण भंडारदरा, वाई, महाबळेश्वरकडच्या लोकांनाही बरंचसं लागू पडेल.

आधी घरात बसून बोला, बँकेत नंतर जा

पहिला प्रश्न भांडवलाचा नाहीये. पहिला प्रश्न आहे की सकाळी साडेपाचला उठून चहा कोण ठेवणार. होमस्टे काढायचा निर्णय बहुतेक घरात पुरुष घेतात, फोनवर बुकिंगही तेच घेतात, आणि न्याहारी, जेवण, चादरी, भांडी हे सगळं घरातल्या बाईच्या अंगावर येतं. पहिल्या सीझनला उत्साह असतो, दुसऱ्या मे महिन्यात कंबर धरते आणि तिसऱ्या वर्षी बोर्ड खाली उतरतो. मी बंद पडलेले जे होमस्टे बघितलेत त्यातले बरेचसे पाहुणे नाहीत म्हणून बंद पडलेले नाहीत, घरातलं माणूस थकलं म्हणून पडलेत.

त्यामुळे कागद घेऊन बसा आणि लिहा: सकाळचा चहा-न्याहारी कोण, खोल्या झाडणं-पुसणं कोण, कपडे धुणं कोण, बाजार कोण, फोन कोण. एकाच नावापुढे तीनपेक्षा जास्त कामं आली तर मदतीला बाई ठेवायचीच, आणि तिचा पगार पहिल्या दिवसापासून खर्चात धरायचा. आणि माझं स्पष्ट मत आहे, जी रांधते तिच्या नावावर व्यवसाय असावा, यूपीआयचा क्यूआर कोडही तिच्या बँक खात्याचा असावा. याचा सरकारी फायदा पण आहे: महाराष्ट्र शासनाचं 2023 चं 'आई' नावाचं महिला पर्यटन धोरण आहे, त्यात महिलेच्या मालकीच्या आणि तिनेच चालवलेल्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो, 12 टक्क्यांच्या मर्यादेत आणि जास्तीत जास्त साडेचार लाख. त्यासाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते आणि हप्ते वेळेवर भरावे लागतात. नुसतं नाव सुनेचं आणि कारभार सासऱ्यांचा, असं करू नका.

घर सामाईक असेल, सातबाऱ्यावर किंवा घरपत्रकावर काका-आत्यांची नावं असतील तर सुरू करायच्या आधी त्यांची लेखी संमती घ्या. व्यवसाय चालायला लागला की मग हिस्सा आठवतो, हे कोकणात कोणाला सांगायला नको.

खोल्या दोनच घ्या

चार असल्या तरी दोनच घ्या. दोन खोल्या म्हणजे चार ते सहा माणसं, एवढ्यांची न्याहारी घरच्या गॅसवर, घरच्या भांड्यात होते. वेगळं स्वयंपाकघर, वेगळा माणूस, काही लागत नाही. एक पूर्ण वर्ष, म्हणजे दिवाळी, नाताळ, मे आणि एक पावसाळा बघितला की तिसरी खोली काढायची की नाही ते तुम्हालाच कळेल.

नवीन बांधकाम शक्यतो करूच नका. समुद्राजवळ असाल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम, लागू होतात, तिथे भिंत उभी करायची तरी परवानगीचा विषय येतो. पण 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेत गावातल्या स्थानिक लोकांना आहे त्याच घरात होमस्टे करायला वाट ठेवलेली आहे, अट अशी की घराचं जोतं (पायाची जागा), रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणजे जे घर आहे तेच नीट करा, कायदाही तेच सांगतो. जांभ्याची भिंत, मंगलोरी कौलं, पडवीतला झोपाळा, हे झाकून वर पीओपी आणि चकचकीत टाइल्स लावणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. शहरातून माणूस आठ-दहा तास प्रवास करून येतो तो पीओपी बघायला येत नाही हो.

खोलीत काय हवं ते बघू. पलंग मजबूत, करकर न वाजणारा. गादी कापसाची असेल तर दर वर्षी पिंजून घ्या, नाहीतर सरळ कॉयर-फोमची घ्या. पलंगाच्या दोन्ही बाजूला चार्जिंगचा पॉइंट, कारण आता प्रत्येकाकडे मोबाइल आहे आणि रात्री एकच सॉकेट दरवाज्यामागे असेल तर पाहुणा चिडतो. कपडे अडकवायला खुंट्या, भरपूर. खिडकीला जाळी, जाळी नसेल तर मच्छरदाणी. दाराला आतून नीट लागणारी कडी, आणि बायकांना सुरक्षित वाटेल असा जाड पडदा, आरपार दिसणारा नको. आरसा. कचऱ्याचा डबा झाकणवाला. टीव्ही नसला तरी चालतो, वायफाय मात्र विचारतातच, गावात फायबर आलं असेल तर घ्या, नसेल आणि रेंजही येत नसेल तर बुकिंगच्या वेळीच सांगून टाका.

बाथरूम आणि पाणी, इथेच घर पास-नापास होतं

पाहुणा साध्या खोलीबद्दल तक्रार करत नाही, संडास-बाथरूमबद्दल करतो. प्रत्येक खोलीला स्वतःचं बाथरूम हवं, ते खोलीला जोडलेलं असेल तर उत्तम, मागच्या पडवीत असेल तरी चालेल पण त्या खोलीचंच असायला हवं. कमोड पाश्चात्त्य पद्धतीचा, वयस्कर लोक येतात. जमिनीच्या टाइल्स खरखरीत, पाण्याचा उतार जाळीकडे, आणि एक गोष्ट स्वतः करून बघा: दोन बादल्या पाणी ओता आणि दहा मिनिटांनी परत जा, कुठे पाणी साचून राहिलंय का ते बघा. साचलं तर गवंड्याला बोलवून उतार आधी नीट करून घ्या, पावसाळ्यात तिथेच शेवाळ धरतं आणि माणूस पडतो. गीझर 15 लिटरचा एका बाथरूमला पुरतो. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या आणि मेन बोर्डवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, ओल्या बाथरूममध्ये गीझरचा शॉक लागू नये म्हणून. इथे पैसे वाचवायचे नाहीत.

पाण्याचा हिशोब माणशी रोज 135 लिटर असा धरतात. दोन खोल्यांत सहा माणसं म्हणजे 810 लिटर, त्यात चादरी धुणं आलं. म्हणून पाहुण्यांसाठी 1000 लिटरची टाकी वेगळीच ठेवा, घरच्या टाकीवर भार टाकू नका. मे महिन्यात विहिरीचं पाणी किती खाली जातं ते तुम्हाला माहीत असेलच, त्या महिन्यात रोज किती उपसा झेपतो त्यावर खोल्या किती हे ठरवा. सेप्टिक टँक विहिरीपासून निदान 60 फूट लांब हवा, जांभ्याच्या जमिनीत पाणी पटकन मुरतं आणि लांबपर्यंत जातं. विहिरीचं पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, शासकीय प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि प्यायला आरओ किंवा उकळून गाळलेलं पाणी द्या. स्टीलचा तांब्या-पेला झाकून ठेवला तर प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीगही होत नाही.

चादरी: एका पलंगाला तीन जोड. एक पलंगावर, एक दोरीवर, एक कपाटात. पावसाळ्यात चौथा लागतो कारण कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्याच घ्या, डाग दिसला पाहिजे. गडद फुलाफुलांच्या चादरीवर पाहुण्याचा विश्वास बसत नाही. कपाटात कुबट वास येऊ नये म्हणून चादर पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालायची नाही, एवढं एक पाळा.

लाइट जाणारच. 150 एएचची बॅटरी आणि इन्व्हर्टर घेतला आणि पंखे बीएलडीसी लावले, जे साधारण 30 वॅटवर चालतात, तर दोन खोल्यांचे पंखे, दिवे, वायफाय रात्रभर निघते. साधा पंखा 70-75 वॅट घेतो, मग तीच बॅटरी निम्म्यात दम टाकते. एसी लावायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, एप्रिल-मेमध्ये मागणी असते, पण एका खोलीत लावा आणि दुसरी कौलारू खोली बिनएसीची कमी रेटमध्ये ठेवा, दोन्हीला गिऱ्हाईक मिळतं.

कागदपत्रं

घाबरायचं काही नाही, यादी छोटी आहे, पण सुरू करायच्या आधी करा.

राज्याची 'निवास व न्याहारी' नोंदणी आता पर्यटन संचालनालयाकडे होते. साधारणपणे घराच्या मालकीचा उतारा, घरपट्टी आणि लाइट बिल, आधार-पॅन, ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला, पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि खोल्यांचे फोटो लागतात. अर्ज करायच्या दिवशी विभागीय कार्यालयात फोन करून चालू यादी विचारून घ्या म्हणजे हेलपाटा वाचतो. केंद्र सरकारचीही इन्क्रेडिबल इंडिया नावाने अशीच योजना आहे, त्यात 1 ते 6 खोल्या चालतात, मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहायला हवं आणि घराला गोल्ड किंवा सिल्व्हर दर्जा देतात. सुरुवातीला राज्याची पुरते. नोंदणीचं सर्टिफिकेट मिळालं की महावितरणच्या ऑफिसात जाऊन होमस्टेला घरगुती दर लावून घेण्याबद्दल लेखी अर्ज द्या, कमर्शियल बिल आलं की सगळा नफा तिथेच जातो.

खायला घालणार म्हणजे एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेची सरकारी नोंदणी, लागते. छोट्या घरगुती व्यवसायाला बेसिक रजिस्ट्रेशन पुरतं, वर्षाची फी 100 रुपये, फॉस्कॉस पोर्टलवर स्वतः भरता येतं. यासाठी एजंटला दोन-तीन हजार देणारे लोक आहेत, देऊ नका. जीएसटीची नोंदणी सेवा व्यवसायाला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की लागते, दोन खोल्यांत तेवढी होत नाही, पण ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर जाणार असाल तर एकदा सीएला विचारून घ्या.

रजिस्टर ठेवा. नाव, पत्ता, मोबाइल, कुठून आले, कुठे जाणार, गाडी नंबर, सही. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र बघा. आधारची झेरॉक्स घेऊन फायलीत गठ्ठे करायची गरज नाही, मास्क्ड आधार (ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात) किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. परदेशी पाहुणा आला, आणि यात परदेशी पासपोर्ट असलेले आपले अमेरिकेतले नातेवाईकही आले बरं का, तर 24 तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला कळवणारा ऑनलाइन फॉर्म (सी फॉर्म म्हणतात तो) भरावाच लागतो. गोव्याकडून, मोपाच्या विमानतळावरून वेंगुर्ला-सावंतवाडीकडे येणारे लोक वाढलेत, त्यामुळे हे लॉगिन आधीच काढून ठेवा, पाहुणा दारात उभा असताना नको.

न्याहारी

आता माझ्या आवडीचा भाग. निवास कुठेही मिळतं, न्याहारीसाठी माणूस परत येतो. आणि इथेच सगळे घोळ घालतात, ब्रेड-बटर, ऑम्लेट, इडली-सांबार, पोहे, उपमा असं लांबलचक मेन्यू कार्ड छापतात आणि मग सकाळी चार माणसांच्या चार ऑर्डरी पुऱ्या करताना घरातली माणसं रडकुंडीला येतात.

एका दिवशी एकच पदार्थ करा. आदल्या रात्री पाहुण्यांना सांगायचं, उद्या घावणे आहेत, आठ ते साडेनऊ. कोणाला काही चालत नसेल तर रात्रीच विचारून घ्यायचं. आठवड्याचं चक्र लावून टाका: घावणे-चटणी, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, दडपे पोहे, तांदळाची उकड, थालीपीठ-लोणी, शिरवाळे आणि नारळाचा रस. दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त कोणी राहत नाही, त्यामुळे पाहुण्याला रोज नवीन आणि तुम्हाला सगळं ठरलेलं.

घावण्यांचं सांगतो कारण सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त फोटो त्याचेच काढतात. तांदूळ रात्री भिजत घालायचे, सकाळी अगदी बारीक वाटायचे, पाणी घालून ताकापेक्षा थोडं दाट ठेवायचं, मीठ. बिडाचा तवा चांगला कडकडीत तापवायचा, अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा आणि पीठ वाटीने कडेकडून आत ओतत यायचं, पसरवायचं नाही. चर्र आवाज आला आणि जाळी पडली की तवा बरोबर तापलाय. झाकण, अर्धा मिनिट, कडा सुटल्या की काढायचं. माणशी चार धरा, पोरं सहा खातात. सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी आणि एका वाटीत गूळ घातलेला नारळाचा रस. पाहुणे बसल्यावरच तव्यावर घाला, आधी करून डब्यात ठेवलेले घावणे चामट होतात. शक्य असेल तर तवा पडवीत शेगडीवर आणा, पाहुणे समोर बसतात, गप्पा होतात, रांधणारं माणूस एकटं आत घामाघूम होत बसत नाही. हा साधा बदल आहे पण घरातल्या बाईसाठी फार फरक पडतो.

जेवण देणार असाल तर ऑर्डर वेळेत घ्या: दुपारच्या जेवणाची आदल्या रात्री, रात्रीच्या जेवणाची सकाळी अकराच्या आत. मासे बाजारात काय येतील त्यावर, हे सांगून टाका, 'सुरमई थाळी पक्की' असं कबूल करू नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते, तेव्हा ताजा मासा कमी आणि महाग. त्या दिवसात शेवळं, टाकळा, कुर्डू, फणसाची भाजी, कुळथाची पिठी द्या आणि अभिमानाने द्या. सोमवार, संकष्टी, श्रावण घरात पाळत असाल तर लिहून ठेवा की त्या दिवशी शाकाहारीच मिळेल, लोक समजून घेतात, ऐनवेळी कळलं तर मात्र तोंड वाकडं होतं.

रेट कसा काढायचा

शेजाऱ्याने 1500 लावला म्हणून आपण 1200, असं करू नका. कागदावर काढा. समजा एका खोलीचा, दोघांचा, न्याहारीसकट रेट 2000 ठेवला. न्याहारी 140, दोन वेळचा चहा 40, धुणं-साबण-फिनाइल 100, लाइट 100, मदतनीस बाई 150. झाले 530. बुकिंग ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून आलं आणि त्यांनी 15 टक्के कापले तर 300 गेले. उरले 1170. त्यातले 200 दुरुस्तीसाठी वेगळे काढा, कारण गीझर, मोटर, कौलं काही ना काही निघतंच. हातात 970. वर्षात एक खोली 100 रात्री भरली तर 97 हजार, दोन खोल्यांचे 1 लाख 94 हजार. आकडे तुमचे घाला, पद्धत हीच.

आता बघा, नवीन बांधायला 10 लाख कर्ज काढलं, 10 टक्के व्याज, 7 वर्षं, तर हप्ता महिन्याला साधारण 16,600, म्हणजे वर्षाला दोन लाखाच्या घरात. दोन खोल्यांची सगळी कमाई हप्त्यात गेली आणि पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असल्या तरी हप्ता थांबत नाही. म्हणूनच मी सारखं सांगतोय, आहे त्या खोल्या, आहे ते घर, साठवलेल्या पैशात होईल तेवढंच.

नाताळ ते 31 डिसेंबर आणि मे महिन्यात रेट वाढवला तरी हरकत नाही, पण फोनवर सांगितलेला रेट पाहुणा आल्यावर बदलायचा नाही, गर्दी कितीही असो.

बुकिंग

सुरू करायच्या आधी एक रंगीत तालीम करा. मुंबईच्या एखाद्या स्पष्टवक्त्या नातेवाइकाला बोलवा, एक रात्र त्या खोलीत झोपायला लावा, आणि तुम्ही स्वतःही एक रात्र झोपा. रात्री दोनला मोटरचा आवाज येतो का, पहाटे डोळ्यावर ऊन येतं का, कुत्री कुठे भुंकतात, सगळं कळतं.

गुगलवर बिझनेस प्रोफाइल फुकट बनतं, पिन अगदी तुमच्या गेटवर ठेवा, कोकणात मॅप पाखाडीतून गाडी घालायला सांगतो आणि मग रात्री अकराला पाहुणा कुणाच्या तरी खळ्यात येऊन उभा राहतो. व्हॉट्सअॅपवर पाठवायला एक ठरलेला मेसेज तयार ठेवा: कुडाळ किंवा कणकवली स्टेशनपासून कसं यायचं, रिक्षा अंदाजे किती घेते, शेवटची एसटी कधी, गाडी कुठे लावायची, चेक-इन चेक-आउट किती वाजता, काय मिळेल आणि काय मिळणार नाही. फोटो सकाळच्या उजेडात, दार-खिडक्या उघड्या ठेवून, बाथरूमचा पण फोटो टाका. जे आहे तेच दाखवा.

अॅडव्हान्स निम्मा घ्या आणि तो आल्याशिवाय तारीख धरू नका. रद्द केलं तर किती परत, हे त्याच मेसेजमध्ये लिहा, सात दिवस आधी सांगितलं तर पूर्ण परत हे मला योग्य वाटतं.

एक फसवणूक होमस्टेवाल्यांवर फार चालते. फोन येतो, मी लष्करात अधिकारी आहे, कुटुंबासाठी तीन दिवस बुकिंग हवंय, भाव करत नाही, लगेच तयार. मग म्हणतो आमच्या पेमेंटची पद्धत वेगळी आहे, मी पाठवतो तो क्यूआर स्कॅन करा, आधी एक रुपया पाठवून बघा. पैसे घ्यायला कधीही क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. हे घरात फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही, नीट समजावून सांगा. तरीही गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा.

पाहुणा आल्यावर

आल्या आल्या पाणी-गूळ, कोकम सरबत, आणि रजिस्टर नंतर, आधी हातपाय धुऊ दे. घराची ओळख करून द्या, देवघर कुठे, स्वयंपाकघरात कुठपर्यंत यायचं, रात्री कुठलं दार बंद होतं.

नियम मोजके असू देत आणि ते बुकिंगच्या वेळीच सांगा. दारू तुम्ही विकायची किंवा पुरवायची नाही, परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. रात्री 10 नंतर स्पीकर बंद, हे कायद्यानेच आहे. लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्याला खोली देऊ नका असा कायदा कुठेही नाही, ओळखपत्रं बघा आणि द्या. घरातल्या मोठ्यांना पटत नसेल तर फोनवरच नम्रपणे नाही म्हणा, दारात आल्यावर परत पाठवणं बरोबर नाही.

समुद्राबद्दल मात्र कडक राहा. शहरातल्या माणसाला भरती-ओहोटी कळत नाही, त्याला शांत पाणी दिसतं आणि तो आत जातो. रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा पडवीतल्या फळीवर खडूने लिहा. पोहायला कुठे उतरायचं नाही, खाडीच्या तोंडाशी ओढ कशी असते, हे घरातल्या जाणत्या माणसाने समोर उभं राहून सांगायचं. गाडी वाळूत घालू नका हे पण सांगा, भरती आली की ट्रॅक्टर येईपर्यंत गाडीत पाणी शिरलेलं असतं. पावसाळ्यात, मेच्या शेवटापासून ऑगस्ट अखेरपर्यंत, बोटिंग आणि स्कूबा बंद असतं, तेव्हा फोन आला तर खरं सांगा आणि आंबोलीचे धबधबे, धामापूरचा तलाव, शेतातली लावणी असं दुसरं सुचवा. जवळच्या दवाखान्याचा, रिक्षावाल्याचा, सर्पमित्राचा नंबर भिंतीवर लावा, आणि सर्पदंशावरचं प्रतिविष (अँटीव्हेनम) सरकारी रुग्णालयात कुठे मिळतं ते स्वतः जाऊन विचारून ठेवा. अंगणात रात्रभर एक दिवा जळू द्या.

हिशोब, सुट्टी आणि गणपती

एक साधी वही, डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, रोज रात्री पाच मिनिटं. किराणा घरचा आणि पाहुण्यांचा एकत्र लिहू नका, नाहीतर वर्षाअखेरीस आपण कमावलं की नुसतंच खपलो ते कळत नाही. रांधणाऱ्या माणसाची मजुरी पण खर्चात लिहा आणि महिन्याच्या महिन्याला तिच्या हातात द्या. घरचंच माणूस आहे म्हणून सोडून देऊ नका.

आठवड्यातून एक दिवस बंद, शक्यतो मंगळवार किंवा बुधवार, तेव्हा तसंही कमी लोक येतात. मे महिन्यात हे जमत नाही, मग जूनच्या पहिल्या आठवड्यात सलग आठ दिवस बंद ठेवा, गाद्या उन्हात टाकायला मिळाल्या तर टाका, कौलं चाळून घ्या, गीझर-मोटर तपासून घ्या.

आणि गणपती. चाकरमानी येणार, भाऊ-भावजया, पोरंबाळं, आरत्या, भजनं. त्या दिवसात होमस्टेसाठी विचारणारे भरपूर असतात आणि रेटही चांगला मिळतो, पण त्या खोल्या तेव्हा घरच्या माणसांना लागतात. वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडर काढा, गणपतीचे दिवस, शिमग्याचे पालखीचे दिवस आणि गावच्या जत्रेचा दिवस लाल पेनाने खोडा, सगळ्या प्लॅटफॉर्मवर त्या तारखा ब्लॉक करून टाका, मग कोणाचाही फोन आला तरी 'नाही हो, तेव्हा घरचा गणपती आहे, दर्शनाला मात्र नक्की या' असं सांगायचं.